हिमनदीसमोर डाव्या हाताची खुर्ची राखिल्याची हकीकत

ज्या दिवशी घरची दौलत बुडाली त्या दिवशी सकाळी जहाजाची दोन तिकिटे घरी पोहोचली, आणि दुपारी डॉक्टर दवाखान्याच्या व्हरांड्यात आले आणि चष्मा पुसू लागले, आणि चष्मा स्वच्छच होता, तेव्हा काय ते उमगले. राणीसाहेब पुढील मुक्कामास एकट्याच कूच करोन गेल्या. मागे राहिले त्यांचे यजमान, एक अर्धी भरलेली बॅग आणि एक जाड निळा कोट, खास बर्फासाठी घेतलेला, ज्याचे लेबलही काढिले नव्हते. त्या कोटाने पुढे हिमनदीसमोर जो पराक्रम गाजविला, त्याची ही हकीकत. लिहिणारे खुद्द यजमानच. दुसरा कारकून परवडला नाही. सबब यजमानांचे शौर्य जागोजागी अंमळ जास्त दिसेल, ते वाचणाऱ्यांनी निम्मे करोन घ्यावे.

राणीसाहेबांच्या अमलात यजमानांकडे एकच हुद्दा होता, तो म्हणजे जागा धरणे. नाटक असो, बस असो, दाताच्या डॉक्टरांची वेटिंग रूम असो, यजमानांनी आधी जावे आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकावा आणि लोकांचे वटारलेले डोळे सोसावे, आणि मग राणीसाहेबांनी गॅस बंद केल्याची खात्री करावयास दोनदा माघारी फिरोन, वाटेत भेटेल त्याची विचारपूस करोन, पडदा वर जाता जाता डुलत यावे आणि म्हणावे, "एवढ्या मागे धरली?" ऐसी चाकरी यजमानांनी उभी हयात केली आणि एकदाही जागा गमाविली नाही.

मग धाकट्या मेहुणीबाईंचा हुकूम सुटला की, तिकीट वाया घालविल्यास ताई वरून चप्पल फेकून मारील. तेव्हा मेहुणीबाईंनी ताईंच्या तिकिटावर आपले नाव घालोन घेतले आणि उभयतां सहा मजली गलबतावर दाखल जाहले. गलबत कसले, शहरच पाण्यात सोडिले होते. भोवती बर्फाचे डोंगर, चिटपाखरू नाही, आणि मधोमध ऊन पाण्याचा हौद, आणि त्यात मातब्बर मंडळी म्हशींसारखी मानेपर्यंत बुडोन फळांचा रस पीत होती.

हिमनदीच्या दिवशी यजमानांनी उजाडताच डेकवर चाल केली आणि डाव्या कठड्यालगतच्या दोन आरामखुर्च्या काबीज केल्या, कारण राणीसाहेबांनी माहितीपत्रकावर बोट ठेवोन फर्माविले होते की, हिमनदी डावीकडून दिसते, डावीकडेच बसायचं. मग एका खुर्चीवर स्वतः ठाण मांडिले आणि दुसरीवर कोट तैनात केला.

न्याहारी आटोपते तो गनीम दिसू लागला. गनिमाच्या सरदार म्हणजे एका शाळेच्या निवृत्त हेडबाई, हाती काठी, आणि पिछाडीस त्यांचे पती, ज्यांस स्वतंत्र मत नव्हते. बाईंनी खुर्ची रिकामी आहे काय ऐसी पृच्छा केली, आणि यजमानांनी बायको येते आहे ऐसा जबाब दिला, आणि बाई एक फेरी मारोन परत आल्या.

"अहो, मघापासून येतच आहेत. पोहत येतायत का?"

बाईंनी आणखी एक फेरी मारिली आणि या खेपेस काठीच्या टोकाने कोट उचलोन पाहिला.

"याला तर लेबल आहे अजून. बायको तरी आणलीय ना, की तीही दुकानातच आहे?"

हा घाव वर्मी बसला. त्यात आणखी डेकचा मुकादम बाईंचे वकीलपत्र घेवोन आला आणि त्याने कायदा वाचिला की, खुर्चीवर माणूस असावे, वस्तू नसावी, आणि थोडक्या वेळात माणूस हजर न केल्यास खुर्ची सरकारजमा होईल. इतक्यात मेहुणीबाई सँडविचांची रसद घेवोन पोहोचल्या आणि रंग पाहोन यजमानांच्या कानाशी लागल्या.

"भावोजी, सांगून टाका ना, ताई गेली म्हणून. बाई गप्प बसेल. उलट स्वतःचं ब्लँकेट आणून देईल."

खरेच होते. एका वाक्यात लढाई फत्ते होत होती. यजमानांनी तोंड उघडिले आणि त्यात सँडविच घातले.

"तू बस त्या खुर्चीवर," चावता चावता म्हणाले.

"मी नाही हं. ती मागून येऊन ओरडेल."

मग मेहुणीबाईंनी मुकादमास कोपऱ्यात गाठोन त्याच्या बायकोची, पोरांची आणि गुडघेदुखीची चौकशी आरंभिली आणि मुदत टळेपर्यंत संपविली नाही. हे घराणेच तैसे.

मग सरखेल, म्हणजे जहाजाचे कप्तान, यांनी भोंग्यावरोन पुकारिले की, हिमनदी उजव्या हातास आली आहे. उजव्या. ते ऐकोन अवघी फौज उजवीकडे धावली, हौदातील मातब्बर ओल्या अंगाने धावले, हेडबाई काठी खांद्यावर घेवोन धावल्या, आणि डावीकडे उरले यजमान, कोट आणि समोर एक काळा खडक. पाठीमागे बर्फ कडाडत होता आणि लोक अहाहा करीत होते. मेहुणीबाईंनी तिकडोन हात हलविला. "भावोजी, उठा. सगळं इकडे चाललंय." परंतु उठावे तर मुकादम टपलेला. यजमान खडक पाहात बसले. खडक पाहण्यास इतक्या दूर आलेला मनुष्य त्या गलबतावर दुसरा नव्हता.

मग सरखेलांनी, सर्वांस दर्शन घडावे म्हणोन, गलबत जागच्या जागी फिरविले. खडक सरकला आणि पाणी सरकले आणि खुद्द हिमनदी, निळी आणि गावाएवढी रुंद, आपल्या पायांनी चालत यावी तैसी येवोन दोन्ही खुर्च्यांसमोर हजर जाहली. आणि तिचा एक बुरूज ढासळोन पाण्यात गेला आणि आवाज अंमळ मागाहोन आला, तोफेच्या सलामीसारखा. उजवीकडच्या फौजेस आता खडक दिसू लागला, तेव्हा अवघी फौज डावीकडे लोटली.

हेडबाई माघारी आल्या त्या धापा टाकीत, ओठ निळे पडलेले. कठड्याशी उभे राहावयास जागा नव्हती. मग यजमान उठले आणि त्यांनी आपली स्वतःची खुर्ची बाईंस दिली. कोटाची दिली नाही. बाई बसल्या, बराच वेळ हिमनदी पाहिली, मग कोट पाहिला.

"अजून नाही आल्या?"

"उशीर होतो तिला."

"आमच्या ह्यांचंही तसंच," बाई म्हणाल्या, आणि पती मागे उभेच होते.

येणेप्रमाणे हिमनदी नजरेआड होईतो खुर्ची गनिमाच्या हाती गेली नाही, कोटाचे लेबलही शाबूत राहिले, आणि मोहीम फत्ते जाहली ऐसे येथे नमूद केले आहे. परतीच्या वाटेवर हेडबाई रोज जेवणघरात भेटत आणि मिसेस कुठे आहेत विचारीत, आणि रोज काहीतरी सांगितले. गलबत किनाऱ्यास लागले तरी त्यांना खरे सांगितले नाही. घरी आल्यावरही ते वाक्य मी अजून कोणापुढे बोललेलो नाही.