वांग्याचं माहेरपण

अक्षय्य तृतीया होऊन चार दिवस झाले आणि इंदुबाई काळमेघांच्या परसातल्या वांग्याच्या झाडानं माहेरी जायचा अर्ज दिला.

अर्जात वावगं काही नव्हतं. वऱ्हाडात वैशाखाचं ऊन पंचेचाळीसच्या पुढं गेलं की परसातली झाडं आठ दिवस माहेरी जातात, ही जुनीच रीत. दोन मोगरे, शेवंती आणि मिरच्या रोपवाटिकेतून आणलेल्या. त्यांना न्यायला रोपवाटिकेचा माणूस हातगाडी घेऊन येऊनही गेला होता. मोगऱ्यानं तर जाताना मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मागं राहिली घरच्या बियाणाची भेंडी, चवळी आणि दोडका. त्यांना माहेर नाही, त्या घरच्याच लेकी. आणि तेलाच्या जुन्या डब्यात वाढलेलं हे वांगं.

वांग्याचं असं होतं की ते वाढलं इथं, पण त्याचं बी इथलं नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन येताना इंदुबाईंनी ते आईकडून पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. तेव्हापासून दर वर्षी एक फळ झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, बी धुवून राखेत घोळून ठेवायचं आणि पुन्हा लावायचं. म्हणजे वांग्याचं माहेर ते इंदुबाईंचंच माहेर, दर्यापूरकडचं. आणि तिथं इंदुबाई स्वतः अकरा वर्षांत गेल्या नव्हत्या.

जायची इच्छा नव्हती असं कोणी म्हणू नये. इच्छा रोज होती, आणि ती फार मोठीही नव्हती. आईच्या घराच्या मागच्या दाराला एक दगडी पायरी आहे. त्या पायरीवर बसायचं आणि दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा प्यायचा, एवढंच. पण परस सोडणार कसं? पहाटे साडेपाचला एक पाणी, ऊन कललं की दुसरं. दुपारी हिरवी जाळी सरकवायची, बुडाशी पालापाचोळा पसरायचा, मावा पडला की राख भुरकायची. नळ येणार तिसऱ्या दिवशी, तो ड्रमात भरून ठेवायचा. आठ दिवस पाठ फिरवली तर भाजीच्या जागी सरपण मिळालं असतं. इंदुबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि थकल्या होत्या. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

घरातले अर्ज दिगांबररावांकडं जात. दिगांबरराव म्हणजे इंदुबाईंचे यजमान, पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. परसात ते फक्त शेरे मारायला उतरत.

"कारण लिहिलं नाही," चष्मा लावून ते म्हणाले.

"ऊन," वांगं म्हणालं.

"ऊन सगळ्याइलेच आहे."

"फुलं गळून राह्यली, मामाजी. या दोन महिन्यांत नऊ फळं दिली. तुम्ही भरीत खाल्लं."

हे खरं होतं. दिगांबररावांनी 'मंजुरीस हरकत नाही' असं लिहून खाली सही केली. मग म्हणाले, "मुराळी कोण?"

माहेरहून न्यायला कोणी आल्याशिवाय जायचं नसतं, लेकीनं काय आणि झाडानं काय. इंदुबाईंनी भावाला, सुदामाला, फोन लावला. हा सुदामा दर उन्हाळ्यात फोनवर "ये ना बाई" म्हणायचा, पण अकरा वर्षांत न्यायला म्हणून एकदाही आला नव्हता. कधी पेरणी, कधी कोणाचं लग्न, कधी गाडी बंद.

"वांग्याले न्या लागते काय?" तो म्हणाला. "मंग येतो नं उद्याच. आईच्या हातचं बी आहे थे."

इंदुबाईंनी फोन ठेवला. त्यांना वाईट वाटलं, आणि वांग्याचा थोडा हेवाही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदामा टेम्पो घेऊन दारात हजर. वांग्यासाठी त्यानं हिरवा खण आणला होता, तो त्यानं डब्याभोवती नीट गुंडाळला. बहिणीला म्हणाला, "वाळली दिसते." मग डबा उचलायला वाकला.

"थांबा," वांगं म्हणालं. "सोबत कोण?"

"सोबत कशाची?" दिगांबररावांनी विचारलं.

"पहिलाच प्रवास आहे. पाठराखीण लागते."

"पाठराखीण सासरी जाताना असते. माहेरी जाताना तशी तरतूद नाही."

"म्हणूनच अर्जात पाठराखीण लिहिली नाही. शेवटची ओळ वाचा."

दिगांबररावांनी अर्ज पुन्हा काढला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : सोबत पाणी घालणारी बाई, एक. तिच्या गैरहजेरीत उरलेल्या झाडांचं पाणी मंजुरी देणाऱ्याकडं.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेवटची ओळ वाचल्याशिवाय कधी सही केली नव्हती. पण ऑफिसात ते जागे असत, घरात कोण कशाला इतकं लक्ष देतो? घरोघरी मातीच्या चुली. सही त्यांचीच होती आणि स्वतःची सही नाकारणारा माणूस ते नव्हते. ते बराच वेळ भेंडीकडं पाहत राहिले. भेंडीही त्यांच्याकडं पाहत होती.

"तुले जायचं होतं तर सांगायचं," ते इंदुबाईंना म्हणाले.

"दर वर्षी सांगते."

"लेखी कुठं दिलं?"

इंदुबाई घरात गेल्या. दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि टेम्पोत मागं, डब्याला धरून बसल्या.

गावात वांग्याचं स्वागत चांगलं झालं. मंदावहिनींनी, म्हणजे सुदामाच्या बायकोनं, दारातच डब्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बुडाशी तांब्याभर गार पाणी घातलं, कुंकू लावलं, ओटी भरली. शेजारच्या बाया येऊन बघून गेल्या. अंगानं उतरलं म्हणाल्या, पण रंग आजीचा आहे म्हणाल्या. इंदुबाईंनाही त्यांनी विचारलं, "तुम्ही सोबत आल्या काय?"

"हो," इंदुबाई म्हणाल्या.

मग आठ दिवस त्यांनी सोबतीचं काम केलं. लिंबाची सावली सरकेल तसा डबा सरकवला, पहाटे आणि संध्याकाळी मोजून पाणी घातलं, राख भुरकली. पहिल्या दिवशी सवयीनं झाडू हातात घेतला, तो कोणी परत मागितला नाही. दुसऱ्या दिवशी भाकऱ्याही त्यांच्याकडं आल्या. मंदावहिनी वाईट नव्हत्या. पण कामाला आलेली बाई कामात दिसली तर कोणाला खटकत नाही. मागच्या दाराची पायरी इंदुबाईंनी रोज दोनदा झाडली. बसायला मात्र झालं नाही. त्यांना वाटायचं, इतक्या लांब येऊन मी इथंही तिथलंच करते.

वांगं मात्र सुधारलं. आठव्या दिवशी त्याला सात फुलं होती आणि एकही गळलं नव्हतं.

सुदामानं डबा टेम्पोत ठेवला. इंदुबाई पिशवी घेऊन आल्या आणि चढायला त्यांनी पाय उचलला.

"आत्या, तुम्ही कुठं?" वांगं म्हणालं.

"घरी. आठ दिवस झाले नं."

"माझे झाले. तुम्ही तर कामावर होत्या. कामाचे दिवस माहेरपणात धरत नाहीत. तुमचे आजपासून."

इंदुबाईंनी भावाकडं पाहिलं. सुदामानं मान खाजवली. "बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीच्या लक्षातच नाही आलं. माझ्याही नाही."

"अन् तिकडलं पाणी?"

"मामाजी घालतील," वांगं म्हणालं. "मी आहेच सांगाले."

"बुडाशी घाला म्हणावं, पानांवर नाही. दुपारी तर नाहीच."

"माहीत आहे, आत्या. चौतीस वर्षं पाहून राह्यलो आम्ही."

टेम्पो गेला. धुरळा बसेपर्यंत इंदुबाई पिशवी घेऊन तिथंच उभ्या होत्या. मंदावहिनी आल्या, त्यांनी ती पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन खुंटीला अडकवली. झाडूही उचलून घेतला.

इंदुबाई घरातून चालत मागच्या दाराशी गेल्या आणि पायरीवर बसल्या. दगड अजून गार होता. पाय लांब केल्यावर त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. आतून कपबशीचा आवाज आला, आल्याचा वास आला, मग एक हात पुढं आला. चहा वाफाळत होता. इंदुबाईंनी तो गरम असतानाच प्यायला.