फळ्यावर लिहिलं ‘स्वतः’

वेळेची आखणी करण्यात माझा हात धरणारं कोणी अजून जन्माला यायचंय! ऑफिस, नवरा, सासूबाई, दोन पोरं आणि एक गळका नळ, सगळं मी एकटी सांभाळते. तेव्हा रोज अर्धा तास स्वतःला भेटणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी धाकट्या बहिणीला फोनवर ठणकावून सांगितलं.

विषय निघाला चष्म्यावरून. दुकानदाराने विचारलं, “यातली कोणती फ्रेम आवडली तुम्हाला?” आणि मी म्हणाले, “घरी विचारून सांगते!” तो हसला. मला मात्र वाटेत रडू आलं. मला काय आवडतं, हेच आठवेना हो!

“ताई, फार काही करायचं नाही,” बहीण म्हणाली. “चपला काढायच्या, फोन बंद करायचा आणि खिडकीबाहेर बघत गप्प बसायचं.”

घरी करून पाहिलं. दार लोटलं, तर सासूबाई बाहेरून, “अगं, बरं नाही का?” नवरा, “रागावलीस का?” धाकटं पोर, “आई, तू आत काय खातेस?” घरात गप्प बसलेली बाई कोणाला बघवतच नाही. म्हणून ठरवलं, ऑफिसात!

आमच्या मीटिंगच्या खोलीच्या दारावर एक पांढरा फळा आहे. खोली हवी असेल त्याने वेळ लिहायची आणि कोणाशी भेट आहे तेही. मी लिहिलं, चार ते साडेचार. कोणाशी? खोटं लिहिणं काही जमेना. लिहिलं, ‘स्वतः’.

जेवून परत येते तो काय, जिना पुसणं चाललंय! शिपाईमामा कुंड्या उचलून धावतायत.

“मामा, काय झालं?”

“मॅडम, चारला स्वतः येतायत!”

“कोण स्वतः?”

“स्वतः म्हणजे स्वतः! मोठे साहेब! फळ्यावर लिहिलंय की!”

घ्या! मी तोंड उघडणार तोच आमचे मॅनेजर धावत आले. यांना पाठीमागे सगळे ‘तातडी’ म्हणतात.

“मीटिंग ठरली आणि मला पत्ता नाही?”

“सर, तसं नाही हो. ते स्वतः म्हणजे मी...”

“तुम्ही स्वतः बोलावलंत? मला डावलून?”

सोडवायला जावं तेवढा गुंता! तातडींनी माझं पुढचं ऐकलंच नाही. थेट मोठ्या साहेबांना फोन लावला, “सर, चारची सगळी तयारी झालीय!” साहेबांना वाटलं, आपणच विसरलो. बिचारे गाडी काढून निघाले!

चार वाजता खोली माणसांनी गच्च भरली. मोठे साहेब आले ते घामाघूम, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. “हं, बोला. विषय काय?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता नोकरी जाणार, असंच वाटलं. पण दमलेल्या माणसाला थापही सुचत नाही.

“विषय काही नाही, साहेब. मला स्वतःला भेटायचं होतं. अर्धा तास नुसतं बसायचं होतं.”

तातडींच्या हातातली फाइल खाली पडली.

“नुसतं?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“फोन बंद करून?”

“हो. आणि चपला काढून.”

साहेबांनी खिशातला फोन काढून बंद केला. मग म्हणाले, “सगळे बाहेर व्हा!”

माझा जीव भांड्यात पडला. कोणाला तरी कळलं गं बाई! मी लगेच चपला काढून खिडकीजवळची खुर्ची ओढली.

“तुम्हीसुद्धा,” साहेब म्हणाले. “आणि दाराशी थांबा. कोणाला आत सोडू नका.”

दार लागलं. आत एक बूट पडला, मग दुसरा. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं. मी बाहेर अनवाणी उभी, कारण चपला आतच राहिल्या होत्या!

आता तो फळा रोज ‘स्वतः’नेच भरलेला असतो. साहेबांचं झालं की तातडी, तातडींचं झालं की मामा. चांगल्या कल्पनेबद्दल साहेबांनी माझं कौतुक केलं आणि दारावर कायमची माझीच नेमणूक केली. चष्म्याची फ्रेम शेवटी सासूबाईंनी पसंत केली.

परवा बहिणीने विचारलं, “काय गं ताई, भेटलीस का स्वतःला?”

म्हटलं, “अगं, अजून माझा नंबर कुठे लागलाय!”