एका ट्रकचे सात गेटपास

सातपूरच्या त्या कारखान्यातून माल बाहेर न्यायचा तर गेटपास लागे, आणि तो पुण्याच्या मुख्य कार्यालयातल्या संगणकावरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या खासगी वाटेने, निघे. मंगळवारी कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या छायाने छपाईचं बटण एकदा दाबलं. काहीच झालं नाही. व्यवस्थापक खैरनार साहेबांनी मागून हात घालून तेच बटण सहा वेळा दाबलं. मिनिटाभराने प्रिंटरमधून एका ट्रकचे सात गेटपास बाहेर आले.

गेटवरच्या मल्हारीने ते मोजले. "पास सात. म्हंजी गाडी सातदा भायेर गेली पायजे."

"आरं, माल एकदाच भरलाय ना!" ट्रकवाला फकिरा ओरडला.

"ते मला नका सांगू. रजिस्टरला सांगा."

फकिराने ट्रक सातदा बाहेर काढला आणि सहादा आत आणला. रस्त्यावर सिटी बसची रांग लागली.

"हा तुमचा घोळ," साहेब छायाला म्हणाले.

"साहेब, राउटरमधली माहितीच्या पाकिटांची रांग तुम्ही हजाराची करायला लावलीत. तुमच्या ड्रॉइंगच्या फायली आधी तिच्यात जाऊन बसतात. गेटपासचं एवढंसं पाकीट त्यांच्यामागे ताटकळतं. रांग वीसची करू या."

"आणि एकविसावं पाकीट?"

"दारातूनच परत जाईल. संगणक ते पुन्हा पाठवतो, आणि जरा दमानं पाठवतो."

"परत? बाई, वीस वर्षं आवक-जावक सांभाळलीय मी. एक कागद परत जाऊ दिला नाही!"

हे खरं होतं. त्यांच्या टेबलावर आलेला कागद परत जात नसे. पुढेही जात नसे.

छायाची नोकरी कायम व्हायची होती आणि तिच्याबद्दलचा शेरा साहेबांनी शुक्रवारपर्यंत पुण्याला कळवायचा होता. "उद्या लग्नाला जायचंय. गुरुवारी लिहितो शेरा," ते म्हणाले. "सविस्तर."

मग ते स्वतःच्या एका दिवसाच्या रजेचा अर्ज भरायला बसले. तोही त्याच वाटेने पुण्याला जायचा.

"साहेब, बटण एकदाच दाबा."

"मला शिकवू नका."

त्यांनी नऊ वेळा दाबलं. पुण्याचा कारकूनही त्यांच्याच घडणीचा. त्याने नऊ अर्जांची निष्ठेने बेरीज केली आणि नऊ दिवसांची रजा मंजूर केली.

बुधवारी छायाने रांग वीसची केली. गुरुवारी साहेब गेटवर आले.

"साहेब, तुम्ही रजेवर हाये," मल्हारी म्हणाला.

"अरे, हा काय समोर उभा आहे मी!"

"समोर हाये. कागदावर नाय."

"मग रजा रद्द करतो. सोड आत."

"रद्द करा की. पण रद्द झाल्याबिगर आत कसं सोडू?"

शुक्रवारी शेरा पोचला नाही, म्हणून पुण्याने गेटपासच्या नोंदीच तपासल्या. दोन दिवसांत एकही पास दुबार निघाला नव्हता. संध्याकाळी छायाने तिच्या कायम नेमणुकीचं पत्र छापलं, एकदाच बटण दाबून.

घरी निघण्यापूर्वी तिने राउटरची नोंद पाहिली. दिवसभरात दारातून परत गेलेली पाकिटं एकेचाळीस. काम कुठेही अडलं नव्हतं.

तिने खिडकीतून गेटकडे पाहिलं. बेचाळिसावं पाकीट सफारी घालून मल्हारीशी हुज्जत घालत होतं.