डावीकडचा खिसा

पिंपरीच्या बाजारपेठेत भर दुपारी एखादा इसम अनोळखी माणसास "भाऊ, जरा माझ्या खिशात हात घाला" अशी विनंती करताना आढळल्यास तो गंगाधर पांचाळ आहे, असे बेलाशक समजावे. बहुतेक लोक दचकून दोन पावले मागे सरतात. एका गृहस्थाने तर घाईने स्वतःचेच पाकीट चाचपले होते. मी समक्ष पाहिले आहे.

गंगाधर हा मूळचा मराठवाड्यातला सुतार. लोकांच्या फ्लॅटांतली जुनी कपाटे, ओट्याखालची फडताळे काढून नवी बसवणे हा त्याचा व्यवसाय. मी कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहितो, आणि माझे कागदपत्रांचे मोठे लाकडी खोके, बाकडे, छत्रीचा दांडा यांची डागडुजी त्याच्याकडे असल्याने आमचा परिचय आहे. तो मला रायटरसाहेब म्हणतो. मी ते नाकारीत नाही.

त्याचा हत्यारांचा जुना पट्टा कुजला, तेव्हापासून तो नव्याच्या शोधात होता. पट्टा निवडण्याची त्याची रीत अशी: प्रथम कमरेला बांधून हातोडी, टेप, पटाशी भरायची. मग दुकानात एक फेरी मारायची. मग गिऱ्हाइकांच्या गर्दीत मधोमध उकिडवे बसायचे. आपला सुतार जमिनीवर बसून काम करतो, आणि बाजारातले पट्टे उभ्या माणसाच्या मापाने शिवलेले. बसताक्षणी पट्टा बरगड्यांपर्यंत चढतो, हातोडीचा दांडा फरशीला टेकतो आणि खिशातले स्क्रू दुकानभर पसरतात.

"बसंना!" गंगाधर जाहीर करतो.

"मामा, पट्टा घ्यायचाय का योगासनं करायचीत?" दुकानदार म्हणतो.

"तू गल्ल्यामागं गादीवर बसतूस. तुला कमरंचं काय कळतंय?"

येथपर्यंत त्याचे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु त्याची शेवटची अट विचित्र होती. डाव्या खिशाचे तोंड बाहेरच्या बाजूस हवे. म्हणजे स्वतःचा हात सहज जाऊ नये, पण डावीकडे बसलेल्याचा न बघता जावा. त्याचीच परीक्षा म्हणून ती अनोळखी माणसांना विनंती.

याचे कारण त्याचा धाकटा भाऊ माधव. वर्षानुवर्षे दोघे भाऊ जोडीने काम करीत. गंगाधर फळी खांद्यावर पेलणार, उजव्या हाती पेचकस, डावे मनगट फळीखाली आणि तळवा मोकळा. तो हात खाली नेला तर फळी सुटते. म्हणून माधव डावीकडून थोरल्याच्या खिशातून स्क्रू काढून त्याच्या तळव्यावर ठेवणार. पुढे माधवला चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर नोकरी लागली. भांडण नाही, तंटा नाही. "तिथं पट्टा सरकायलाय आन् माणूस उभा," गंगाधर म्हणतो, "समदं उलटं." त्यानंतर तो एकटाच काम करीत आला. फळी गुडघ्याने दाबायची, डोक्याने रेटायची, आणि अंगाला पीळ देऊन त्या उलट्या खिशातून स्क्रू उपसायचा.

अशातच निगडी प्राधिकरणातल्या एका मोठ्या फ्लॅटचे काम त्याला मिळाले. तेथील ठेकेदाराने सर्व सुतारांना एकसारखे पट्टे वाटले. आतून फोम, काळे कापड, पितळी बक्कल. मी स्वतः बांधून पाहिला. माझ्या कमरेचा एवढा सन्मान पूर्वी कोणी केला नव्हता. उकिडवे बसले तरी तो तसूभर चढत नव्हता. मात्र दोन्ही खिशांची तोंडे आतल्या बाजूस, आणि शिवण अशी पक्की की उसवून फिरवण्याची सोय नाही. ठेकेदाराने बजावले, "सोमवारपासून हाच पट्टा. नाहीतर येऊ नकोस."

गंगाधरने पट्टा परत केला.

"दोघांचं काम हाय. एकट्याचा पट्टा कसा बांधू?"

"दोघं कुठायत रे? तू एकटाच दिसतोयस."

"आज दिसतोय."

मी त्याची समजूत काढली. "गंगाधरराव, हातचे काम जाईल."

"जाऊ द्या."

"हा निव्वळ हट्ट आहे."

"हाय. तसंच लिहून द्या त्याला."

मी दिले. 'सदर पट्टा निम्नस्वाक्षरीकर्त्याच्या कमरेस मान्य नाही.' एवढ्या ठाम शब्दांत मी याआधी कोणासाठीच लिहिलेले नाही. काम अर्थातच गेले.

रिकामा झालेला गंगाधर पुढच्या आठवड्यात माझ्या खोक्याची लोंबकळणारी फळी बसवायला आला. कमरेला बाजारातला साधा पट्टा. पण डावा खिसा उसवून, उलटा फिरवून, मोच्याकडून जाड दोऱ्याने शिवून घेतलेला. तो उकिडवा बसला, फळी खांद्यावर घेतली. डावीकडे खुर्चीवर मी होतो, हाती पेन, समोर एक पक्षकार.

हत्यारांना हात लावणे माझ्या व्यवसायास शोभत नाही, हे मी सर्वांना सांगत आलो आहे. परंतु फळी घसरू लागली. गंगाधर कपाळाने ती रेटीत होता, डावा हात खिशाकडे न्यावा तर सगळेच सुटत होते. मी पेन खाली ठेवले. नजर फळीवरच होती, तरी हात थेट खिशात गेला आणि स्क्रू आपसूक बोटांत आला. मी तो त्याच्या तळव्यावर ठेवला.

त्याने मान वळवली नाही. स्क्रू पिळला आणि तळवा पुन्हा उघडला. मी दुसरा दिला.

"रायटरसाहेब, माझा अर्ज?" पक्षकार म्हणाला.

"थांबा," मी म्हणालो. "काम चालू आहे."

शेवटचा स्क्रू बसला. फळी आता घोड्याने लाथ मारली तरी हलली नसती. तरीही गंगाधर उठला नाही. खोक्याकडे तोंड करून तसाच बसून राहिला, आणि त्याचा डावा तळवा माझ्या बाजूला उघडाच होता.

मी खिशात हात घातला आणि आणखी एक स्क्रू त्यावर ठेवला.