व्याजाचं पोर्तुगीज

"तिले लिहा, मुद्दल तर गेलं, आता व्याज तरी दाखव," चारुलताबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपत आत गेल्या.

भालचंद्र सर मोबाइल घेऊन ओट्यावर बसले. बुलढाण्यात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. मुलगा सौमित्र पोर्तुगालला गेला, तिथल्याच मार्ताशी लग्न करून राहिला आणि गेल्या पौषात अपघातात गेला. सुनेला पोर्तुगीजखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. सौमित्रच मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायचा. तो गेल्यावर फोन थांबले आणि चार वर्षांची नात, भार्गवी, दिसेनाशी झाली.

मोबाइल भाषांतर करून देतो, हे सरांना ठाऊक होतं. पण यंत्राला मराठी म्हणी काय कळणार! म्हणून त्यांनी बायकोचं वाक्य आधी आपल्या चोख इंग्रजीत बसवलं. मुद्दलाला 'प्रिन्सिपल', व्याजाला 'इंटरेस्ट'. मग यंत्राकडून त्याचं पोर्तुगीज करून घेऊन पाठवलं.

संध्याकाळी मार्ताचं उत्तर आलं : 'मुख्याध्यापक गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांना कशात रस होता?'

"कोणते मुख्याध्यापक गेले हो?" चारुलताबाईंनी घाबरून विचारलं.

"कोणीच नाही. एका शब्दाचे धा अर्थ असतात. संदर्भ द्यावा लागते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संदर्भ दिला. 'अर्थ आर्थिक घ्यावा. आमचं भांडवल बुडालं. निदान व्याज तरी मिळावं.' या खेपेला यंत्रानं 'इंटरेस्ट'चं बरोबर 'झुरुश' केलं. म्हणजे निव्वळ पैशाचं व्याज, दुसरं काही नाही. सरांना फार समाधान वाटलं.

आठवडाभर सामसूम. मग सरांच्या खात्यात वीस हजार रुपये जमा झाले. मागोमाग निरोप : 'सौमित्रनं तुमच्याकडून कर्ज घेतलं होतं, हे मला माहीत नव्हतं. सध्या एवढंच जमतंय. भार्गवीचा पोहण्याचा वर्ग बंद केला आहे. बाकीचं दर महिन्याला पाठवीन.'

"अहो, मी नात मागतली होती," चारुलताबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या पोरीकडून वसुली केली!"

सर त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी बँकेत जाऊन पैसे परत कसे धाडायचे ते विचारून आले आणि दुपारी, काहीएक न लिहिता, सरळ व्हिडिओ कॉल लावला.

मार्ता दिसली. फार वाळली होती. "नो मनी! नो मनी!" सर हात हलवत ओरडले. बिचारीला वाटलं, पैसे पोचलेच नाहीत. तिनं धावत जाऊन पावती आणली आणि पडद्यासमोर धरली.

ते बघून सरांचा बांध फुटला. चष्मा काढून ते लहान पोरासारखे रडायला लागले.

तेवढ्यात मार्ताच्या कोपराखालून भार्गवीनं डोकं काढलं. आजोबांकडे टक लावून पाहिलं. बापाकडून उचललेली होती नव्हती तेवढी मराठी गोळा करून तिनं विचारलं, "काऊन रडून राह्यला बे?"

सरांशेजारी बसलेल्या चारुलताबाईंना एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता हुंदका. त्यांच्याकडे बघता बघता मार्ताचा पावती धरलेला हात हळूहळू खाली आला.

सौमित्रला घरात कधी उद्धट 'बे' म्हणू न दिलेले सर नाक पुसत म्हणाले, "काही नाही बे. असंच."