गड वाचला, पण राजा गेला

“बाळ झोपलं की तूही डोळे मिटत जा. नाहीतर एक दिवस भलत्याच ठिकाणी झोप लागेल हो तुला,” असं मोठ्या जाऊबाईंनी बाळंतपणातच बजावलं होतं. तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. ठमी झोपली की घरात जी अर्धा तास शांतता व्हायची, ती झोपण्यात घालवणं तिला उधळपट्टी वाटे. शिवाय ठमीचा श्वास चालू आहे ना, हे दर पाच मिनिटांनी बघायचं कुणी?

नवरा बोटीवर, सहा-सहा महिने. गाव नवं. आठ महिन्यांच्या ठमीखेरीज दिवसभरात तिच्याशी बोलायचा तो फक्त दूधवाला, आणि तोही “एक की दोन?” एवढंच. ती बिचारी “एकच. पण काल जरा पातळ होतं हं,” असं करून ते संभाषण ओढूनताणून दुसऱ्या पायरीपर्यंत न्यायची.

म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर ‘नाट्यमंडळास राजकन्या पाहिजे’ असं वाचल्यावर ती ठमीला काखोटीला मारून थेट तालमीच्या हॉलवर गेली. मास्तरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, चष्म्यावरून पाहिलं.

“संवाद पाठ होतील?”

“एम.ए. झालेय मी.”

“मग जरा जास्तच झालंय. तिसऱ्या अंकात वीस मिनिटं बेशुद्ध पडून राहायचं. शेवटी उठून एक वाक्य.”

नाटक जुनं, शोकांतिका. युद्धाची खोटी बातमी ऐकून राजकन्या मूर्च्छित पडते. राजा येतो, ती मेलीच असं धरून चालतो, ‘आता लढू कुणासाठी?’ म्हणत शत्रूला गडाचं दार उघडतो. आणि नेमकी तेव्हा ती उठते. गड जातो, पडदा पडतो.

“पटत नाही, मास्तर,” ती पहिल्याच तालमीत म्हणाली. “शोकांतिकेतली भीती आणि घाई यांवर कॉलेजात निबंध लिहिलाय मी. पण कुठला बाप नाडी न बघता गड देऊन टाकेल?”

उत्तर राजाने दिलं. राजा म्हणजे चौकातले घड्याळवाले काका. टीचभर दुकान, मागे एक खोली, आणि त्या खोलीत ते एकटे. “पोरी, घाबरलेला माणूस आधी दार उघडतो. नाडी नंतर.”

“तुम्ही बघितली असती.”

“मी? मी बघणारच! चाळीस वर्षं टिकटिकच ऐकतोय.”

मंगळवारी आणि शुक्रवारी तालीम. काका थर्मासमध्ये चहा आणायचे, कप दोन. दुसरा कप कशाला, असं तिने विचारलं तर म्हणाले, “सवय.” मग तो दुसरा कप तिचा झाला. तालीम संपली तरी दोघांनाही घरी जायची घाई नसे. कपाचा तळ दिसायला लागला की दोघंही घोट लहान करत.

मास्तरांनी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, “प्रयोग पडला तर मंडळ बंद. हॉलला कुलूप.” म्हणजे मंगळवार गेला, शुक्रवार गेला, आणि उरला दूधवाला. वाट्टेल ते होवो, आपल्या हातून प्रयोग बिघडता कामा नये, असं तिने मनाशी घोकलं.

प्रयोग दुपारी चारचा. ठमीला दात येत होते, त्यामुळे तीन रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. झोपलेल्या ठमीला विंगेत वेशभूषेच्या मावशींच्या मांडीवर देऊन ती रंगमंचावर गेली आणि तिसऱ्या अंकात ठरल्याप्रमाणे मंचकावर कोसळली.

गादी मऊ होती. दिवे उबदार होते. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी सांगितलं होतं, की अजिबात हलू नकोस.

राजा आला तोवर ती झोपेच्या तळाला पोचली होती.

काकांनी तिचं मनगट धरून हात उचलला आणि सोडला. तालमीत ती तो अलगद ठेवायची. आज तो ओल्या पंच्यासारखा धपकन पडला. काका चपापले. पण नट पक्का. भाषण पुरं केलं. “ऊठ, पोरी!”

पोर उठेना. विंगेतून मास्तरांनी वाक्य पुरवलं, “बाबा, मी जिवंत आहे.” मग जरा मोठ्याने, “बाबा, मी जिवंत आहे!” तिसऱ्यांदा तर असं, की शेवटच्या रांगेतून आवाज आला, “आम्ही ऐकलं हो! तिला सांगा!”

काकांनी मुकुट भिरकावला. “अहो, डॉक्टर! डॉक्टर आहे का कुणी? पोर गेली हो!”

“वा!” कुणीतरी टाळी वाजवली. चौथ्या रांगेत एक गृहस्थ संकोचून उभे राहिले. “मी जनावरांचा आहे. चालेल?”

“चालेल, चालेल! या!”

शत्रूचे सेनापती म्हणजे शाळेतले पी.टी.चे सर. उन्हात उभं राहून घेरी येणारी मुलं सांभाळण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांचा प्रवेश राजकन्या उठल्यानंतरचा होता; पण हाक ऐकून ते उपसलेल्या तलवारीनिशीच धावले. “गर्दी नको! वारा येऊ द्या!” म्हणत त्यांनी रंगमंचामागचं, सामान आत घ्यायचं, भलंमोठं दार सताड उघडलं.

वारा आला तो सोसाट्याने. पुठ्ठ्याचा बुरूज डुलला आणि दोन पहारेकऱ्यांना घेऊन आडवा झाला. मावशी दचकल्या. त्यांच्या मांडीवर ठमीने डोळे न उघडताच बारीकसं “ऊं” केलं.

मुकुटाला, मास्तरांना, बुरुजाला जे जमलं नाही ते त्या ‘ऊं’ने केलं. विंचू चावल्यासारखी राजकन्या ताडकन उठली. विंगेत तिला वाऱ्यात निजलेली, टोपी घसरलेली ठमी दिसली.

“दार लावा!” ती कडाडली. “कुणी उघडलं ते? लावा म्हणते ना आधी!”

“हो, हो,” म्हणत सेनापतींनी गडाचं दार स्वतःच्या हाताने लावलं, कडी घातली, आणि करण्यासारखं काहीच न उरल्याने तलवार म्यान करून निघून गेले. प्रेक्षक उभे राहिले. या जुन्या नाटकात दरवेळी पडणारा गड त्या दुपारी प्रथमच वाचला. मास्तरांनी शहाणपणा करून पडदा टाकला.

मंडळही वाचलं. जो तो काकांना मिठी मारत होता, “काय घाबरलात हो! खराखुरा अभिनय!” मास्तर तर म्हणाले, “हे असंच ठेवू. जनावरांचे डॉक्टर दर प्रयोगाला यायला तयार आहेत.”

ती काकांपाशी गेली. “माझं चुकलं, काका. झोप लागली.”

काका चिकटवलेली दाढी सोलत होते. “तुझं काय चुकलं? मनगट माझ्या हातात होतं, पोरी. नाडी चालू असणार. बघितलीच नाही मी.”

“पण लोकांना आवडलं ना!”

“त्यांना अभिनय वाटला,” काका म्हणाले, आणि थर्मास तिथेच विसरून निघून गेले.

मंगळवारी ते आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. राजा नाही म्हणून तालमी थांबल्या. हॉलला कुलूप नव्हतं, पण आत कुणी नव्हतं. ती ठमीला घेऊन दुकानावर गेली. शटर अर्धं खाली, आत दिवा.

“काका?”

“दुकान बंद आहे.”

“अहो, मी आहे.”

“मग तर बंदच आहे.”

ती उद्याही जाईल, परवाही जाईल. पण तिचा आवाज ऐकला की त्यांना तो धपकन पडलेला हात आठवतो, हे तिला कळतं. म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. चौकात, शिलाई मशीनच्या दुकानाला लागून, अर्ध्या शटरचं टीचभर दुकान दिसेल. जरा वाकून हाक मारा. नाटकाचा विषय काढू नका. घड्याळ पुढे करा. बंद पडलेलं नसेल तर चालणारंच न्या. ते कानाशी धरतील आणि म्हणतील, “याला काही झालेलं नाही.” तुम्ही तिथेच बसा, आणि म्हणा, “तरी एकदा नीट बघा, काका. घाई नाही.”