मासा, माशी आणि हाज्जींची मिशी

कुठलीही माशी माझ्यासमोर आणून बसवा, मी तिचं कूळ सांगतो! एकदा भिंग लावलं की संपलं. सगळ्या मन्सूरा शहरात हे ज्ञान असलेला मी एकटाच आहे. आणि या ज्ञानाची कुणालाही गरज नाही, हे माझी बायको इन्साफ मला रोज सांगते.

वसंत आला की लोक फुलं बघतात. मी फुलांवरच्या माश्या बघतो. कुणी गांधिलमाशीसारखे पिवळे पट्टे मिरवत असते, कुणी हवेत टांगल्यासारखी जागच्या जागी थांबते. पण घरात सांगायची सोय नाही! सांगायला लागलो की इन्साफ फडकं उचलते. माशीसाठी की माझ्यासाठी, ते मी अजून विचारलेलं नाही.

त्या शम्म-नसीमला, आमच्या वसंताच्या सणाला तर तिने सकाळीच तंबी दिली.

"आज माशी हा शब्द तोंडातून निघता कामा नये!"

"नाही निघणार."

"आणि भिंग?"

"कपाटात आहे," मी म्हणालो. ते मोज्यात होतं.

कारणही तसंच होतं. आमची रिहाब आणि शिहाब नावाचा एक मुलगा एकमेकांना पसंत होते. मुलाचे वडील हाज्ज दसूकी सणाचं निमित्त काढून नाईलकाठच्या बागेत आमच्याबरोबर जेवायला येणार होते. जेवता जेवता बोलणी! हाज्जींचं फसीखचं दुकान. मासा मिठात असा मुरवायचा की माणसाआधी त्याचा वास घरी पोचावा! सणाला अर्धं शहर त्यांच्याकडूनच फसीख नेतं. बागेतल्या चटई-चटईवर त्यांचाच डबा दिसत होता.

शिहाबला घेऊन हाज्जी आले. पोट पुढे, मिशी पोटाच्याही पुढे. रंगवलेली अंडी, पातीचा कांदा, रोट्या मांडून झाल्या. हाज्जींनी स्वतःच्या हाताने डबा उघडला. वास उठला. सगळे खूश झाले. मी रुमाल शोधू लागलो.

"वगदीभाऊ," हाज्जी मला म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. आता फक्त..."

आणि ती आली! चिमुकली, काळीभोर, चकचकीत! बसली ती थेट हाज्जींच्या मिशीवर.

"हलू नका!" मी ओरडलो.

हाज्जींचा दगड झाला. ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "साप?"

"अहो, सापाचं काय घेऊन बसलात!" मी मोज्यातून भिंग काढलं आणि रांगत जाऊन त्यांच्या नाकाला नाक भिडवलं. "माशी आहे! किती वर्षं शोधतोय हिला!"

"अहो!" इन्साफ दातओठ खात म्हणाली.

"बाबा!" रिहाब कळवळली.

पण मी कुठला भानावर! "जुनं चीज नाहीतर खारवलेला मासा लागतो हिला. त्यातच अंडी घालते. आणि हिच्या अळ्या, हाज्जी, उड्या मारतात! टुणकन!"

शेजारच्या चटईवरच्या बाईंचा घास हातातच थांबला.

"अळ्या? दसूकींच्या फसीखमध्ये?"

"नाही हो बाई, मी फक्त माशीबद्दल..."

बाईंनी तोवर किंकाळी फोडली होती. ती किंकाळी या चटईवरून त्या चटईवर गेली. झाडापर्यंत पोचेतो अळ्यांचं विष झालं, आणि कारंज्यापाशी एक माणूस दगावलासुद्धा! एका गृहस्थांनी पोट धरलं. त्यांचं बघून आणखी दोघांनी धरलं. कुणी ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणतंय, कुणी आधी पैसे परत द्या म्हणतंय! डबे हातात घेऊन सगळी बाग आमच्या चटईभोवती गोळा झाली.

"नीट बघा!" हाज्जी गुरगुरले. "आजोबांपासूनचा धंदा आहे माझा!"

मी नीट बघितलं. माशीने एक पंख इकडे हलवला, एक तिकडे, वल्ही मारल्यासारखे. कंबर मुंगीसारखी बारीक. माझा जीव भांड्यात पडला.

"मंडळी, चूक झाली!" मी उभा राहून ओरडलो. "ही ती माशी नाहीच! माशाशी हिचा काडीचा संबंध नाही!"

बागेने सुस्कारा सोडला. हाज्जींनीही सोडला. आता तिथेच थांबायचं ना! पण अर्धवट माहिती देणं माझ्या रक्तात नाही.

"ही तर शेणावरची माशी!"

"म्हणजे फसीखमध्ये शेण घालतात!" मागून कुणीतरी निकाल दिला.

हाज्जी उठले. माशी उडून गेली. त्यांनी डब्यातला सगळ्यात मोठा मासा उचलला आणि मधोमध तोडला.

"अर्धा मी खातो. अर्धा तुम्ही. सगळ्यांसमोर!"

मी जन्मात फसीखला तोंड लावलं नव्हतं. लग्नात सासऱ्यांनी आग्रह केला, तेव्हासुद्धा नाही! पण रिहाबचे डोळे भरून आले होते. मी नाक दाबलं.

"नाक सोडा!" हाज्जी गरजले.

सोडलं. खाल्लं. डोळ्यांतून, नाकातून, कानातूनही पाणी आलं असावं. बाग आमच्या तोंडाकडे फुटबॉलचा सामना बघावा तशी बघत होती. आम्ही मरत नाही असं दिसल्यावर लोकांचा हिरमोड झाला. मग पोट धरलेल्या गृहस्थांनीच विचारलं, "उरलेला मासा कुणाला नको असेल तर मला द्याल का?" हळूहळू गर्दी पांगली.

हाज्जींनी मिशी पुसली आणि ते माझ्याकडे वळले.

"धंदा बुडवायला आलेले पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "पण त्यासाठी मिशीत शिरलेले तुम्ही पहिलेच!" मग त्यांनी दणदणीत ढेकर दिला. "मुलगी गुणी आहे. बाप काय, राहील त्याच्या घरी."

तिथेच फातिहा म्हटली गेली. सोयरीक पक्की!

निघताना शिहाब पळत आला. हातात काडेपेटी, आणि बोट काकडीएवढं सुजलेलं.

"काका, तुमची माशी माझ्या वडिलांमुळे उडाली ना, म्हणून ही पकडून आणली," तो म्हणाला. "फार चिडकी होती. दुर्मिळ आहे का हो?"

मी पेटी उघडली. आत मधमाशी! अहो, माशीला पंख दोन आणि मधमाशीला चार, हे मी रिहाबला पाळण्यात शिकवलंय! मी तोंड उघडलं, तेवढ्यात इन्साफने टाच माझ्या पायावर रोवली.

"वा, बाळा!" मी कळ दाबत म्हणालो. "अशी माशी मी आजवर पाहिली नव्हती!"

खोटं नाही बोललो. चार पंखांची माशी आजवर कुणीच पाहिलेली नाही!